आठ भोकांची चाल

१९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या मारलवाई गावात राहून राजगोंडांचं जगणं छायाचित्रांत टिपलं. तेव्हा बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटोनंतर फिल्म हातानंच पुढे सरकवावी लागे.

३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. कॅमेऱ्याची फिरकी फिरवली की दातेरी चाक त्यांत अडकतं आणि फिल्म बरोबर आठ भोकं ओढतं: ३६ मिलिमीटरचं चित्र, २ मिलिमीटरची कोरी पट्टी. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात त्याच फिरकीनं शटरही ताणलं जाई. त्यामुळे चुकून एकावर एक फोटो पडत नसे. मला यातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. रोल संपला की दुसऱ्या फिरकीनं फिल्म उलटी डबीत गुंडाळायची. टोक सुटताच फिरकी एकदम हलकी होई.