सार्वजनिक कार्यालयाचे प्रवेशदालन
(पंचायत पदाधिकारी व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणातील भाग)



नव्या कार्यालयाचा नकाशा समोर आला की आपले लक्ष प्रथम सभागृहाकडे व पदाधिकाऱ्यांच्या दालनांकडे जाते. प्रवेशदालन उरलेल्या जागेत बसविले जाते आणि त्याच्या वाट्याचा पैसा चकचकीत फरशी व नक्षीदार छत यांतच संपतो. वास्तविक दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा अधिकांश वेळ तेथेच जातो.

आपले जुने वाडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दिंडीतून आत येताच देवडी लागे. तिच्या दोन्ही अंगांस पहारेकऱ्यांच्या बैठकीचे ओटे असत. पुढे चौक, मग सदर. सावली, टेकायला जागा आणि पुढची वाट ही तिन्ही येणाऱ्यास दारातच लाभत. शोभा होती ती सागवानी खांबांची आणि चौकातून येणाऱ्या उजेडाची. ती वेगळी आणून चिकटविलेली नव्हती.

आता आपल्या बांधकामाकडे वळू. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर १२ स १ या प्रमाणात उतरणीची लांबी ५.४ मीटर होते. एवढी जागा नकाशातच राखावी लागते. ती न राखल्यास पुढे घसरगुंडीसारखा उतार जोडला जातो. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची पूर्तता कागदावरच राहते. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात ओल्या चपलांखाली निसरडा होतो. तेथे खडबडीत शहाबादी फरशी बरी. दाराबाहेर छत्री मिटण्यापुरते छप्पर हवेच. अर्ज लिहिण्यासाठी एक फळी उभ्या माणसाच्या व एक बसलेल्याच्या उंचीची असावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा, मुदत, शुल्क व अपिलीय अधिकारी यांचा तपशील सूचना फलकावर लावावा लागतो. हा फलक बाकावर बसलेल्यास वाचता यावा. जिन्याखालच्या अंधारात, जुन्या दप्तराच्या गाठोड्यांमागे तो लावण्याची चाल मात्र सोडावी. ती गाठोडीही तेथून हलवावीत. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते.

नकाशास मंजुरी देण्यापूर्वी एक काम करावे. बाजाराच्या दिवशी सध्याच्या कार्यालयाच्या दारात तासभर थांबून एका वेळी किती माणसे तिष्ठत असतात, त्यांत वृद्ध किती व कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया किती, हे मोजावे. तो आकडा अभियंत्यांच्या हाती द्यावा आणि बाकांची व पिण्याच्या पाण्याच्या नळांची संख्या त्यावरून ठरवून घ्यावी.