ओलिसांचें मोल

अलिबागच्या पुळणीवरून ओहोटीच्या वेळीं चालत गेलें म्हणजे कुलाब्याच्या किल्ल्यांत सहज पोहोंचतां येतें. सुटीच्या दिवशीं येथें येणारीं शहरांतलीं कुटुंबें गणपतीचें देऊळ पाहतात, भर समुद्रांत गोडें पाणी कसें म्हणून टांक्यापाशीं नवल करतात, आणि भरतीच्या आंत परत फिरतात. इ. स. १७१२ च्या हिंवाळ्यांत कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्यांत एक तरुण इंग्रज विधवा कैदेंत होती, आणि तिला सोडविण्यासाठीं काय द्यावें, कोणाच्या हातीं द्यावें, किंबहुना द्यावें कीं न द्यावें, याचा विचार मुंबईच्या गव्हर्नराला करावा लागत होता. परमुलखांत शस्त्रधाऱ्यांच्या हातीं सांपडलेल्या निरपराध माणसांसाठीं सरकारनें बोलणीं करावीं काय, हा प्रश्न आज नवा असल्यासारखा विचारला जातो. कोंकणच्या किनाऱ्याला तो तीनशें वर्षांपासून ओळखीचा आहे.

हकीकत अशी. कॅथरिन नांवाची ही बाई कारवारच्या वखारींतील टॉमस चाऊन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीचा निकाल लावून घेण्यासाठीं तीं दोघें मुंबईस आलीं होतीं. नोव्हेंबर १७१२ मध्यें तीं कारवारास परत निघालीं. बरोबर गव्हर्नराचें सशस्त्र जहाज होतें. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ४ नोव्हेंबर रोजीं, आंग्र्यांच्या गुराबांनीं त्यांना गांठलें. गव्हर्नराच्या जहाजाच्या डोलकाठ्या तुटल्या, तोफेच्या गोळ्यानें चाऊनचा हात उडाला आणि पत्नीच्या मांडीवरच त्यानें प्राण सोडला. वयाचीं वीस वर्षेंही न उलटलेली, दुसऱ्यांदां विधवा झालेली ही मुलगी इतर कैद्यांबरोबर कुलाब्यास नेण्यांत आली.

येथें एका शब्दापाशीं थोडें थांबावयास हवें. इंग्रजांच्या दप्तरांत कान्होजी म्हणजे चांचा. मराठ्यांच्या इतिहासांत ते आरमाराचे सरखेल. आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजानें आपला दस्तक घ्यावा, एवढेंच कान्होजींचें म्हणणें होतें. आणि समुद्र कोणाच्या बापाचा नाहीं असें म्हणणारी कंपनी स्वतः मात्र दस्तकें विकीतच होती. तेव्हां चांचा कोण, हें दप्तर कोणाचें यावर ठरतें. हा वाद केवळ इतिहासपंडितांचा नव्हे. ज्याच्या हातीं आपलीं माणसें आहेत त्याला काय म्हणावें, येथेंच पुष्कळदां अर्धी बोलणीं अडून बसतात. गव्हर्नर विल्यम एस्लाबी यानें आंग्र्यांना चांचा म्हणणें सोडलें नाहीं, पण त्यांच्याशीं बोलणेंही टाळलें नाहीं. फेब्रुवारी १७१३ मध्यें लेफ्टनंट मॅकिंटॉश तीस हजार रुपये घेऊन कुलाब्यास गेला आणि २२ तारखेस कॅथरिनला व इतर कैद्यांना घेऊन परतला. तिच्या अंगावर धड वस्त्रही उरलें नव्हतें, असें त्या काळच्या इंग्रज लेखकांनीं नमूद केलें आहे. आपल्या थोर दर्यावर्द्याविषयींची ही गोष्ट मराठी वाचकाला रुचणार नाहीं. तरी ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

ही सुटका साधली कशी? केवळ पैशानें नव्हे. कान्होजींना त्या वेळीं जमिनीवर मोठा शत्रु होता. शाहू महाराजांचें सैन्य घाटावरून उतरण्याच्या बेतांत होतें, आणि अशा वेळीं समुद्राची बाजू स्वस्थ असणें त्यांना हवें होतें. शिवाय त्यांना किल्ले होते, बंदरें होतीं, आपल्या लोकांचा व्यापार चालावा ही इच्छा होती. शब्द मोडला तर गमावण्यासारखें ज्याच्यापाशीं कांहीं आहे, त्याच्याशीं केलेल्या बोलण्याला अर्थ असतो. म्हणूनच खंडणीबरोबर तहही झाला: कंपनीच्या जहाजांना आंग्र्यांनीं त्रास देऊं नये आणि आंग्र्यांच्या व्यापाराला इंग्रजांनीं अटकाव करूं नये.

त्याच वर्षीं कान्होजींच्या हातीं आणखी एक मोठा कैदी आला. शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे हे आंग्र्यांवर चालून गेले आणि स्वतःच पकडले गेले. त्यांच्या सुटकेचें काम बाळाजी विश्वनाथांकडे आलें; जातांना त्यांना पेशवेपदाचीं वस्त्रें मिळालीं तीं १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं. बाळाजीपंतांनीं रोकड मोजली नाहीं. त्यांनीं भांडणाचें मूळच हातीं घेतलें. कान्होजींना सरखेली आणि त्यांच्या ताब्यांतील किल्ल्यांची मान्यता देऊन त्यांना छत्रपतींच्या बाजूस आणलें, आणि पिंगळे सुटले. दोन्ही व्यवहार एकाच माणसाशीं झाले, पण त्यांचीं आयुष्यें सारखीं नव्हतीं. इंग्रजांचा तह चार-पांच वर्षांत मोडला: इंग्रजी निशाण लावलेल्या जहाजांतील परक्या व्यापाऱ्यांचा माल तहांत येतो कीं नाहीं यावर तंटा झाला, नवा गव्हर्नर बून यानें १७१७ त विजयदुर्गावर आणि १७१८ त खांदेरीवर स्वारी केली, आणि दोन्हीकडून हात हलवीत परतला. बाळाजीपंतांचा तह मात्र कान्होजींच्या अखेरपर्यंत, म्हणजे १७२९ पर्यंत, टिकला.

आतां आजच्या काळाकडे येऊं. रायगडच्या किनाऱ्यावरील गांवांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसें परदेशी जहाजांवर नोकरीस जातात. घरांत भिंतीवर जहाजाचें चित्र आणि हातीं महिन्याची मनिऑर्डर, असा कित्येक कुटुंबांचा अनुभव असे. अशा घरांना सोमालियाचें नांव कळलें तें भूगोलाच्या पुस्तकांतून नव्हे. सप्टेंबर १९१० मध्यें नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, २०१० च्या सप्टेंबरांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हें जहाज चांच्यांनीं पकडलें. त्यावर पंधरा हिंदी खलाशी व अधिकारी होते. एप्रिल २०११ मध्यें खंडणी पोहोंचली, जहाज सुटलें; परंतु पंधरांपैकीं सात जणांना चांच्यांनीं ठेवून घेतलें. कारण काय, तर भारतीय नौदलानें त्या सुमारास शंभराहून अधिक सोमाली चांचे पकडून मुंबईस आणले होते. ते सोडा, मग हे सोडूं. पैसे घेऊन शब्द फिरविणाऱ्यांना ना किल्ला होता, ना बंदर, ना पुढील व्यापाराची काळजी. सरकारनें आपले कैदी सोडले नाहींत. ते सात जण परतले ते ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस. म्हणजे चार वर्षें.

सरकारनें नकार दिला हें योग्यच झालें. ज्यांना न्यायासनापुढें उभें करावयाचें ते देऊन माणसें आणण्याची रीत पडली, तर प्रत्येक अटकेबरोबर एक नवें अपहरण ठरलेलें. डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून निघालेलें विमान कंदाहारास नेण्यांत आलें. अपहरणकर्त्यांची मागणी छत्तीस कैद्यांची होती, ती बोलण्यांतून तिघांवर आली, आणि ३१ डिसेंबर रोजीं प्रवासी सुटले. एका तरुण प्रवाशाला तत्पूर्वीच प्राणाला मुकावें लागलें होतें. सोडलेल्या तिघांपैकीं मसूद अझर यानें लगोलग जैश-ए-महंमद ही संघटना उभारली, आणि तिनें पुढें घेतलेल्या बळींची यादी त्या विमानांतील प्रवाशांपुरती राहिली नाहीं. दीडशेंहून अधिक माणसें वांचलीं, हें त्या सौद्याच्या टीकाकारांनीं विसरूं नये; आणि तो सौदा तेथेंच संपला नाहीं, हें समर्थकांनीं.

नकाराचीही किंमत असते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजीं बर्मिंगहॅममधील भारतीय वकिलातींतले रवींद्र म्हात्रे यांना पळविण्यांत आलें. मागणी होती तिहार तुरुंगांतील मकबूल बटची सुटका, आणि दहा लक्ष पौंड. मुदत इतकी अल्प दिली होती कीं बोलण्यास अवसरच नव्हता. दोन-तीन दिवसांत म्हात्रे यांचा मृतदेह सांपडला, आणि ११ फेब्रुवारीस बटला फांशी झाली. पुण्यांत मुठेवरच्या पुलाला म्हात्रे यांचें नांव आहे. रोज हजारों माणसें त्यावरून जातात, पण तो माणूस कोण हें त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

बोलणें म्हणजे शरण जाणें, ही समजूत प्रथम टाकली पाहिजे. बोलण्यानें वेळ मिळतो, छत्तिसांचे तीन होतात, कैदी जिवंत आहेत कीं नाहींत हें कळतें. काय द्यावें हा प्रश्न निराळा आहे. जहाजाचा मालक किंवा विमा कंपनी द्रव्य देत असेल तर दर्यावरच्या लुटारूंच्या बाबतींत सरकारनें आडवें येऊं नये. दहशतवादी संघटनांची गोष्ट वेगळी, कारण तेथें पैसा पुढच्या बंदुकीचाच होतो. न्यायालयाच्या स्वाधीन असलेला माणूस मात्र कोणत्याही भावानें विकाऊ नसावा. आणि ज्या घरानें हा नकार सोसावयाचा, त्याला अंधारांत ठेवण्याचा हक्क सरकारला नाहीं. त्या सात जणांच्या नातलगांचें वारंवार गाऱ्हाणें होतें तें पैशाविषयीं नव्हतें. आपल्याला कोणी कांहीं सांगत नाहीं, हें होतें. कर्त्या पुरुषाचा पगार थांबलेला, जहाजाचा मालक परमुलखांत, आणि कचेरींत गेलें तर रोज नवा कारकून! बाळाजी विश्वनाथांसारखा एक जबाबदार मनुष्य या कामाला नेमणें कांहीं अशक्य नव्हतें.

चांचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदा संसदेनें २०२२ मध्यें केला. त्यांत जन्मठेपेची, आणि कोणाचा जीव गेला तर फांशीचीही तरतूद आहे. मार्च २०२४ मध्यें नौदलानें ‘रुएन’ हें जहाज सोडवून पस्तीस सोमाली चांचे पकडले व मुंबईस आणले. पुन्हां एखादें जहाज अडविलें गेलें तर मागणी डॉलरांची असेल कीं या पस्तिसांची, आणि तेव्हां मुरूड-श्रीवर्धनकडील एखाद्या घरीं जाऊन उत्तर कोण देणार, हें त्या प्रसंगाच्या आधींच ठरलेलें असावें.