वजन घटावें, बळ घटूं नये

पन्नाशी उलटल्यावर मीं वजन उतरविण्याचा चंग बांधला. रात्रीचें जेवण सोडलें आणि रोज पहाटे पर्वतीपर्यंत धांवूं लागलों. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलें. स्नेह्यांनीं अभिनंदन केलें. परंतु त्याच सुमारास पाण्यानें भरलेली बादली उचलतांना माझे हात कांपूं लागले. चरबीबरोबर मीं बळहि गमावलें होतें. पुढें जेवण सुरू होतांच वजन मात्र परत आलें!

याचें कारण सरळ आहे. आहार एकदम तोडला, म्हणजे शरीर चरबी जाळतेंच. पण ज्यांना काम नाहीं असे स्नायूहि मोडून खातें. धांवण्यानें हृदय व फुप्फुसें सुधारतात. बाहू व खांदे यांना त्यांत फारसें काम पडत नाहीं. म्हणून धांवणें सोडूं नये, त्याला जोड द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. झपझप चालणें पहिल्यांत मोडतें. तालमींतील जोर-बैठका दुसऱ्यांत. आहार थोडाच कमी करावा, आणि तोहि भातांतून व तळणांतून. उसळ, ताक, अंडीं यांतून नव्हे.

या खेपेस माझें वजन महिन्याला किलो-दीड किलोच उतरतें. पण बादली मी न कांपतां उचलतों. काट्यावर उभें राहून जें कळत नाहीं, तें बादली उचलून कळतें. ही परीक्षा श्रोत्यांनींहि अधूनमधून घ्यावी.