जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती



येडगावच्या धरणापासून नारायणगाव काही लांब नाही. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाईंचं हे गाव. लोकांपुढे एकदा मांडलेली कलाकृती कर्त्यानं नंतर बदलावी का, हा प्रश्न इथल्या सोंगाड्याला विचारलात तर तो हसेल. दुपारी टोमॅटोचा भाव पडला, की रात्रीच्या बतावणीत तो आलाच पाहिजे! कालचा खेळ कालच संपलेला असतो.

छापलेलं मात्र मागे उरतं. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण 1836 साली प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांचं वय जेमतेम बावीस. 1850 साली दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी ते सुधारलं, वाढवलं. चौदा वर्षांत माणूस शिकतो. शिकूनही पोरांच्या हाती जुनंच देत राहिला, तर त्याला काय म्हणावं? व्याकरण, कोश, पाठ्यपुस्तक सुधारायलाच हवं.

कथा-कवितेचं काय? साठीतल्या लेखकानं पंचविशीतल्या स्वतःचा आगाऊपणा छाटू नये, असं मला वाटतं. तो आगाऊपणाच कित्येकदा वाचनीय असतो. पण नाव त्याचं, हक्कही त्याचा.

माझी तक्रार वेगळीच आहे: नवं आलं, की जुनं जपलं जात नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. 1917 साली त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं जपली आहेत, ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. फाळक्यांनी पुन्हा चित्रपट केला यात गैर काहीच नाही. दोन्ही जपले असते, तर त्यांचा हात चार वर्षांत कसा बसला, हे आपल्याला शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं असतं.

म्हणून सुधारून वाढवलेल्या पुस्तकात, काय गाळलं नि काय घातलं हे लेखकानं पहिल्याच पानावर सांगावं. आणि गावोगावच्या वाचनालयांनी नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत घालू नये. कपाटात जागा नसेल, तर माझ्याकडे पाठवा.