मोठ्या नावाचा निधी



परमुलखात भूकंप झाला, दुष्काळ पडला किंवा युद्ध पेटले, की एखादा नट, गवई किंवा क्रिकेटचा खेळाडू उभा राहतो, मदतीची हाक देतो, आणि आपला हात खिशाकडे जातो. तो हात त्या संकटग्रस्तासाठी खिशाकडे गेला की त्या नटासाठी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आमचे आयुष्य विडी कामगारांत आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांत गेले. वर्गणी मागणे हे आमचे रोजचे काम. तेव्हा या प्रश्नाकडे आम्ही पावती-पुस्तकाच्या बाजूने पाहणार, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

मोठ्या नावाविषयी नाक मुरडणारे पुष्कळ विद्वान आहेत. आम्ही त्यांतले नाही. नावाशिवाय निधी जमत नाही, हे ज्याने दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली आहे त्याला ठाऊक असते. अंताजी दामोदर काळे पैसा फंडाची पेटी घेऊन गावोगाव फिरले ती मेहनत त्यांची; पण त्या पेटीमागे लोकमान्यांचे नाव उभे राहिले, तेव्हा तिचे वजन वाढले. तळेगावचा काचकारखाना त्यातूनच निघाला. तो फंड मात्र आपल्याच देशासाठी होता. दुसऱ्या देशासाठी आपल्या लोकांनी पदरमोड केली, असे ठळक उदाहरण पाहायचे तर १९३८ सालाकडे जावे लागते.

चीनवर जपानने आक्रमण केले होते. चिनी सेनापती चू ते यांनी १९३७ साली पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळी आपण स्वतःच गुलाम. आपल्याच देशात औषधावाचून माणसे मरत होती. तरीसुद्धा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले, आणि जुलैच्या ७, ८ व ९ या तारखांना ‘चीन दिन’ पाळून निधी गोळा करण्यात आला. किती जमला? बावीस हजार रुपये. पस्तीस-चाळीस कोटींच्या देशात बावीस हजार म्हणजे काहीच नव्हे, असे आज कोणीही म्हणेल. पण त्या पैशांतून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर सप्टेंबर महिन्यात चीनमध्ये पोचले. अलाहाबादचे अटल हे पथकाचे प्रमुख. त्यांच्याबरोबर आपल्या नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे बसू व मुखर्जी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मदत काय हवी, हे घेणाऱ्याने सांगितले होते. ‘आम्हांला डॉक्टर द्या’ असे पत्र आले आणि डॉक्टर गेले. नेहरूंचे आणि सुभाषबाबूंचे नाव या कामी आले ते दार ठोठावण्यापुरते. दार उघडल्यावर आत शिरला तो औषधांचा पेटारा आणि शस्त्रक्रिया करणारे हात. नेत्याचा फोटो त्या रुग्णवाहिकेवर चिकटवला होता की नव्हता, याची विचारपूस कोणा जखमी शिपायाने केली नसावी.

बाकीचे डॉक्टर एकेक करून परतले. कोटणीस राहिले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून रणभूमीवरच १९३९ साली रक्तदोषाने वारले होते. त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे काम १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या विकाराने त्यांचा अंत झाला. आज ही कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे ती मुख्यतः व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या १९४६ च्या चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ती लिहिली आणि शांतारामांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली. तो चित्रपट झाला हे उत्तमच झाले. नाहीतर सोलापूरबाहेर कोटणीसांचे नाव किती घेतले गेले असते?

पण नागपूरच्या चोळकरांचे नाव या सभागृहात आज प्रथमच ऐकणारे किती आहेत, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. नागपूर येथून काही लांब नाही. प्रसिद्धीचा दिवा असाच असतो. एकावर प्रकाश टाकतो आणि शेजारच्या चौघांना अंधारात ढकलतो. आणि ज्यांनी चीन दिनाच्या पेटीत आणा-दोन आणे टाकले, त्यांची तर गणतीच नाही.

पुढे १९६२ साली चीनने आपल्यावर आक्रमण केले. तेव्हा ते बावीस हजार रुपये आणि तो तरुण डॉक्टर फुकट गेला, असा सवाल आजही चर्चेत निघतो. आमच्या मते फुकट गेले नाही. मदत जखमी माणसाला दिली होती, पुढे येणाऱ्या सरकारला दिली नव्हती. कर्ज असते तर वसुलीचा प्रश्न आला असता.

आता १९७१ साल घ्या. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे जीव मुठीत धरून भारतात आली. पंडित रविशंकर यांचे घराणे बंगालचे. त्यांना राहवले नाही. त्यांनी आपला शिष्य, बीटल्स मंडळीतला जॉर्ज हॅरिसन, याला गाठले आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुमारे चाळीस हजार लोक जमले. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये लावून घेतली, तेव्हा त्यालाच वादन समजून श्रोत्यांनी टाळ्या पिटल्या! नुसते सूर जुळवणे एवढे आवडले, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे काहीतरी पंडितजी हसत बोलले. आम्हांला हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. माणसे नावासाठी आली होती. सतार ऐकायला आली होती की नाही हे सांगवत नाही, आणि निर्वासितांसाठी आली होती की नाही हे तर त्याहून सांगवत नाही.

पण नावाचे काम झाले. बांगलादेश हा शब्द त्या दिवसानंतर अमेरिकेतल्या घराघरांत ऐकू गेला, आणि त्यांचे सरकार पाकिस्तानच्या पाठीशी उभे असताना तो ऐकू जाणे ही लहान गोष्ट नव्हती. तिकिटांचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला मिळाले. दुखणे पुढेच आहे. करमाफीची व्यवस्था कार्यक्रमाआधी केलेली नव्हती. त्यामुळे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचे जे खरे मोठे उत्पन्न होते, ते तिथल्या कर-खात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडले. ज्या पोरासाठी दुधाचे पैसे गोळा केले, ते पोर वाचले असेल तर तोवर शाळेत जाऊ लागले असेल. हेतूत खोट नव्हती. हिशेबनीस आधी बसवला नव्हता, एवढेच.

याच निर्वासितांसाठी दुसरीही एक वर्गणी झाली, तिच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. १५ नोव्हेंबर १९७१ पासून भारतात लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित-मदतीचे तिकीट लावावे लागे. १९७३ पर्यंत ते चालले. वैनगंगेच्या काठच्या माणसाने नागपूरला मुलाला पत्र टाकले, तरी त्यातून पाच पैसे त्या छावणीकडे गेले. हा कर होता, दान नव्हते, हे आम्हांला मान्य आहे. जबरीच्या पाच पैशांचे पुण्य लागत नाही असे कोणी म्हटले तर भांडणार नाही. परंतु तो हिशेब सरकारी होता, त्यावर लोकसभेत प्रश्न विचारता येत होता. मॅडिसन स्क्वेअरच्या निधीवर प्रश्न कोणी कोणाला विचारावा?

त्या सुमारासच, १९७२ साली, आपल्या जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. परदेशच्या माणसाला मदत म्हणजे नेहमी जहाजातून काही पाठवणेच असते असे नाही. कधी ती आपल्या शेजारची जमीनही असते.

सर्वांत मोठा धोका मात्र पैशांच्या हिशेबाचा नाही. तो दया दाखवून प्रश्न झाकण्याचा आहे. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे बॉब गेल्डॉफ यांच्या पुढाकाराने इथिओपियाच्या दुष्काळासाठी गाण्याचा प्रचंड मेळा झाला. जगाने हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली आणि पैसा ओतला. त्यातून माणसे वाचली, याबद्दल वाद नको. पण त्या मुलांच्या तोंडचा घास केवळ पावसाने हिरावला नव्हता. तिथे यादवी युद्ध चालू होते, आणि सरकार माणसांना जबरीने उठवून दुसरीकडे नेत होते. गाण्यात ते कसे मावणार? चित्रात भुकेले मूल मावते, राजकारण मावत नाही. गेल्डॉफ यांनाही हे पुढे उमगले असावे. कारण २००५ च्या जुलैत त्यांनी पुन्हा मेळा भरवला तेव्हा पैसे मागितले नाहीत, गरीब देशांवरची कर्जे माफ करा ही मागणी केली. आमच्यासारख्याला हा बदल फार ओळखीचा वाटतो. आजारी विडी कामगारणीसाठी वर्गणी काढणे सोपे असते, तिच्या हजार विड्यांचा दर वाढवून मागणे अवघड.

नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ साली ‘नाम’ सुरू केले, तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांत यावरून कडाक्याचा वाद झाला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेच्या हाती धनादेश ठेवणारा नट कापसाच्या भावावरून लक्ष उडवतो, असे काहींचे म्हणणे. आम्हांला ते अर्धेच पटले. तिच्या घरी त्या दिवशी दुसरे कोण गेले होते? संघटना गेली होती काय? ज्याने जायचे तो गेला नाही म्हणून नट गेला. भावाचा प्रश्न आपण लावून धरायचा; तो नटाच्या हाती सोपवायचा नाही, आणि त्याच्यावर ढकलायचाही नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला. जवळच्याच एका शहरात पडद्यावरच्या एका नटाला आणून मदतीचा जलसा झाला. मंडप, दिवे, पाहुण्यांचे येणे-जाणे, हॉटेल, सत्कार. खर्च वजा जाता नेपाळला काय गेले, हे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. आमच्या संघटनेने दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडल्या. नेपाळी बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे विचारणा केली. त्यांनी जुने कपडे नकोत, छपराचे पत्रे हवेत, असे कळवले. रक्कम लहानच होती. मध्यवर्ती संघटनेमार्फत ती गेली आणि पोचपावती आली, तेव्हा जमाखर्च कचेरीच्या भिंतीवर लावला. त्यात बँकेने पाठवणावळ म्हणून कापलेल्या रकमेची एक ओळ होती. एका म्हाताऱ्या विडी कामगारणीने ती नातवाकडून वाचून घेतली आणि सभेत उभी राहून विचारले, ‘भाऊ, भूकंप त्यांच्याकडं झाला, मग पैसे बँकेनं कायले घेतले?’ हिशेबाच्या सभेला तीसेक बायका होत्या. त्या प्रश्नानंतर ती सभा दोन तास चालली.