चार्ल्स्टनची सहकुटुंब सहल

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना संस्थानांत, अ‍ॅशली व कूपर या नद्यांच्या बेचक्यांत, समुद्राला लागून चार्ल्स्टन शहर वसलें आहे. इंग्रजांनीं १६७० सालीं येथें वसाहत केली आणि आपला राजा दुसरा चार्ल्स याचें नांव तिला दिलें. मुलांबाळांसह सहलीस निघालेलें कुटुंब या शहरांत आलें, म्हणजे आईबापांपुढें एक प्रश्न उभा राहतो: मुलांना काय दाखवावें आणि काय टाळावें?

डोळ्यांना सुखविणारें येथें पुष्कळ आहे. ईस्ट बे रस्त्यावर निरनिराळ्या फिक्या रंगांचीं तेरा जुनीं घरें एका ओळींत उभीं आहेत. त्या ओळीला इंद्रधनुष्याचेंच नांव पडलें आहे. येथील जुन्या घरांची रुंदी बहुधा एका खोलीइतकी. अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजूस वारा घेण्यासाठीं व्हरांडा. अनेक भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर खिळखिळ्या भिंती आवळण्यासाठीं जे गज आरपार घातले, त्यांचीं तीं टोकें होत.

परंतु मुलांची नजर मोठ्यांहून तीक्ष्ण असते. जुन्या विटांवर बोटांचे ठसे त्यांना दिसतात, आणि त्या खळग्यांत आपलीं बोटें बसवून तीं विचारतात, "हीं कोणाचीं?" ओल्या विटा हाताळणाऱ्या गुलामांचे ते ठसे, त्यांतले कांहीं तर लहान मुलांचे. उत्तर टाळणें आतां शक्य नसतें. या शहराची श्रीमंती मुख्यतः भातावर उभी राहिली, आणि खाचरांत राबले ते आफ्रिकेंतून धरून आणलेले लोक. त्यांतील अनेकांना भातशेती मूळचीच अवगत होती.

चामर्स रस्त्यावर गुलामांच्या बाजाराची इमारत आहे. तिच्यांत आज संग्रहालय आहे. नगरसभेनें १८५६ मध्यें गुलामांच्या उघड्यावरील लिलावास बंदी केली. त्यामुळें विक्री थांबली नाहीं. ती चार भिंतींच्या आड गेली, एवढेंच. गुलामांचीं जहाजें जेथें लागत, त्या गॅड्सडेन धक्क्याच्या जागीं २०२३ मध्यें आफ्रिकी अमेरिकनांच्या इतिहासाचें मोठें संग्रहालय उघडलें. तें खांबांवर उचलून बांधलें आहे. खालची भूमि मोकळी ठेविली आहे.

बंदरांतून बोट समटर किल्ल्यास जाते. १२ एप्रिल १८६१ रोजीं या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचें यादवी युद्ध पेटलें. पुढें याच पाण्यावरून कांहीं कुटुंबांनीं एक विलक्षण प्रवास केला. रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम दक्षिणेच्या 'प्लँटर' नामक आगबोटीवर सुकाणू धरीत असे. १३ मे १८६२ च्या पहांटे, गोरे अधिकारी शहरांत गेलेले असतां, त्यानें व सोबत्यांनीं बोट हांकारली आणि वाटेंत आपल्या बायकामुलांना घेतलें. पकडले गेल्यास बोट बुडवून सर्वांनीं मरावयाचें, असा निश्चय होता. कप्तानाची टोपी घालून त्यानें किल्ल्यापुढें शिटीची ठरलेली खूण केली. पहाऱ्यानें बोट जाऊं दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर जातांच पांढरें निशाण चढवून ते उत्तरेच्या आरमारास जाऊन मिळाले. पुढें स्मॉल्स अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभासद झाला.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें होतें.

ज्या श्रोत्यांचीं मुलें व नातवंडें आज अमेरिकेंत आहेत, त्यांना चार्ल्स्टन पाहण्याचा योग येईल. अगदीं लहानांना क्रौर्याचे तपशील नकोत, हें खरें. परंतु १९ जून २०१८ रोजीं चार्ल्स्टनच्या नगरसभेनेंच गुलामगिरींतील आपल्या वांट्याबद्दल क्षमा मागितली. शहर जें स्वतः कबूल करतें, तें पाहुण्यांनीं मुलांपासून कां लपवावें? सकाळीं बाजाराची इमारत दाखवावी, दुपारीं बोटीवर स्मॉल्सची गोष्ट सांगावी. संध्याकाळीं रंगीत घरें पाहावीं.