दारातला कचरा कोण नेतो?

पुण्यात घरचा कचरा उचलण्याच्या वेगवेगळ्या रीती दिसतात.

चौकातली कुंडी सोयीची; पण ओलं-सुकं एकत्र, भोवती कुत्री नि दुर्गंधी. घंटागाडी घराजवळ येते, मात्र वेळ चुकली की बादली भरलेलीच राहते.

तिसरी रीत सर्वांत मोलाची. १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. सभासद, बहुतेक स्त्रिया, घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. घरटी शुल्क आणि भंगारविक्रीचे पैसे हीच त्यांची कमाई.

वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्यांचं मागणं आहे.